डावखुऱ्यांचं प्रकरण

३ ऑगस्ट २०२५, रविवार

काम मिळालं. नुसतं काम नव्हे, पुस्तक. पहिल्या पानावर ‘चित्रे : गिरिधर राव’ असं छापणार आहेत, डॉक्टरांच्या नावाखाली, वेगळ्या ओळीत. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

डॉक्टर म्हणजे डॉ. संयुक्ता इंगवले. मूळच्या सांगलीच्या, इथे तमिळ मुलखात एका मोठ्या रुग्णालयात सर्जन. शिकाऊ डॉक्टरांना टाके घालायला त्याच शिकवतात, आणि पुस्तक त्याचंच आहे. सुई कशी धरायची, गाठ कशी मारायची, कुठलं बोट कधी वाकतं. शेवटचं प्रकरण डावखुऱ्यांसाठी. त्या स्वतः डावखुऱ्या.

"आम्हाला सगळे एवढंच सांगतात, उलटं कर," त्या म्हणाल्या. "काय उलटं, कुठून उलटं, ते कुणी सांगत नाही. काका, मला खरं तर तेवढं एक प्रकरण हवंय. बाकीचं बाजारात मिळतं."

मला काका म्हणाल्या. मी छप्पन्नचा, त्या चाळिशीच्या. सांगलीकडे तसं म्हणत असतील.

त्यांच्या खात्यातल्या लोकांचं मत, चित्रं कशाला, फोटो काढा. मी त्यांना सांगितलं, फोटोत धागा बोटामागे गेला की गेला. चित्रात मी बोट केसभर बाजूला करून धागा दाखवू शकतो, आणि बघणाऱ्याला कळतही नाही. हे त्यांना पटलं. मात्र जानेवारीत वर्ग सुरू होतात. नोव्हेंबर संपेपर्यंत डावखुऱ्यांचं प्रकरण हातात नसेल तर फोटो. ठीक आहे.

मी चित्रकला कुठे शिकलो नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो, मोटारींचे सुटे भाग उचलून ठेवायचो, आणि ठेवता ठेवता काढायचो. पुढे त्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांतली चित्रं माझीच असत. मग ती संगणक काढायला लागला. लिहायची मराठीही मी अशीच शिकलो. घरी आमची तंजावरची मराठी, तीत निम्मं तमिळ. ही मराठी पुस्तकं वाचून वाचून कमावली आहे आणि गंजू नये म्हणून इथे लिहितो.

माझा एक नियम आहे. जे माझ्या हातांनी केलेलं नाही ते मी काढत नाही. गिअरबॉक्स काढला तेव्हा आधी उघडला होता. तेव्हा आता टाके.


९ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरांच्या खोलीत पहिला धडा. टेबलाच्या खणाच्या मुठीला रेशमी धागा अडकवला आणि त्यांनी गाठ मारून दाखवली. मला काही दिसलंच नाही, बोटं नुसती चमकली. मी म्हटलं, सावकाश. त्या म्हणाल्या, सावकाश मला येत नाही. शिकवणाऱ्यांची हीच अडचण असते.

शेवटी कळलं ते असं. धाग्याची गाठ दोन अर्धगाठींची. एक तर्जनीनं, दुसरी मधल्या बोटानं, आणि प्रत्येक वेळी हात एकमेकांना ओलांडून ओढायचं. दोन्ही एकाच बोटानं किंवा एकाच दिशेनं ओढल्या तर गाठ दिसते गाठीसारखी, पण सरकते. आत पोटात सरकली तर काय, ते त्यांनी सांगितलं आणि मी लिहीत नाही.

घरी आल्यावर केळ्याच्या सालीवर टाके घालून बघितले. हे त्यांनीच सुचवलं होतं. साल फाटू न देता सुई पलीकडे काढता आली पाहिजे. माझी बायको अंबुजा पूजेच्या खोलीतून बाहेर आली.

"काय करूलालात?"

"टाके."

"केळ्याला काय झालं होतं?"

तिनं घडातली बाकीची केळी उचलून आत नेली. "ही देवाची आहेत, यांची तब्येत चांगली आहे," म्हणाली.


१७ ऑगस्ट, रविवार

आज एक चूक निघाली. लिहून ठेवायलाच हवी.

उजव्यांच्या प्रकरणात उजव्या हातात नीडल होल्डर असतो, म्हणजे सुई पकडायचा तो कात्रीसारखा, कुलूप लागणारा चिमटा. मी उजव्या हातानं काढतो, तेव्हा तोच हात समोर कसा बघणार? मी नीडल होल्डर डाव्या हातात धरला, आरशापुढे बसलो आणि आरशातलं काढलं. आरशात डावा हात उजवा होतो. सोपं.

डॉक्टरांनी चित्र हातात घेतलं आणि हसल्या. "काका, हा तर डावखुऱ्यांचा नीडल होल्डर काढलात."

खरंच. हात उलटला तसा चिमटाही उलटला. त्याच्या दोन पात्यांपैकी कुठलं वर ते ठरलेलं असतं, ते मी आरशात हरवलं. मोटारींचे भाग काढताना अशी चूक मी दुसऱ्यांच्या चित्रांत पकडलेली आहे.

"असा खास मिळतोसुद्धा," त्या म्हणाल्या. "शिकताना मी हौसेनं मागवला होता. मग दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे ट्रेमध्ये सगळे उजव्यांचे. मला त्याचं कुलूपच सुटेना. नर्स बघतेय, पेशंट टेबलावर. तेव्हापासून मी माझ्या डावखुऱ्या पोरांना सांगते, जगात जो आहे त्याच्यावरच शिका."

उजव्या हातात अंगठा बाहेर ढकलला की कुलूप आपोआप सुटतं. डाव्या हातात तोच अंगठा आत ओढावा लागतो, स्वभावाच्या विरुद्ध. मी घरी येऊन करून बघितलं. जमलं. लगेच जमलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत.

आरसा बंद. यापुढे उजव्या हाताची हालचाल करायची, डोक्यात पक्की ठेवायची, धागा खाली ठेवायचा आणि काढायचं. कारखान्यात मी असंच करायचो. माझी नजर अजून तशीच आहे.


३१ ऑगस्ट, रविवार

उजव्यांचं प्रकरण पूर्ण.

एक गंमत मला आधी माहीत नव्हती. उजव्या हाताच्या सर्जनला एका हाताची गाठ डाव्या हातानं मारावी लागते, कारण उजव्यात नीडल होल्डर असतो आणि तो सारखा खाली ठेवायला वेळ नसतो. म्हणजे मला डाव्या हाताला शिकवायचं होतं. छप्पन्न वर्षं ज्यानं फक्त तांब्या धरला, त्या हाताला. आणि तो शिकला. तर्जनी, मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट, मुठीवर गाठींची लांब वेणी झाली. डॉक्टरांनी मोबाईलवर व्हिडिओ घेतला. "माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवते," म्हणाल्या.

मी म्हटलं, दाखवा. म्हणावं, यांना कुणी शिकवलं नाही. मग आठवलं, डॉक्टरांनीच शिकवलं.

पुढचं प्रकरण डावखुऱ्यांचं. तिथे नीडल होल्डर डाव्या हातात, म्हणजे गाठ उजव्या हातानं. माझा कामाचा हात. मला तर हे प्रकरण सगळ्यात सोपं जाणार.


८ सप्टेंबर, सोमवार

धागा वाईट आहे. पहिली रिळं रेशमी होती, ही दुसऱ्या कंपनीची आहेत. मधल्या बोटावर चढत नाहीत. बोट वाकतं, धाग्याखाली जातं, आणि मग तो नखाच्या पाठीवर घेऊन बाहेर यायचं, तिथे थांबतं. डाव्या हातानं तोच धागा घेतला तर निघतो, कारण डाव्याला सवय झाली आहे.

हवाही अशी की बोटं चिकट होतात.


१४ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांना म्हटलं, रिळं बदलून द्या. त्यांनी पहिल्यासारखीच दिली. फरक नाही. तेव्हा दोष खुर्चीचा. उंची कमी असली की उजवा खांदा वर येतो आणि कोपरापासून हात आखडतो. खांदा तसाही महिनाभर दुखतोय. अंबुजा रोज तेल लावते, म्हणते दगडासारखा झालाय. एवढी वर्षं त्या खांद्यानं काम केलंय, होणारच.

मुलीचा, दिव्यश्रीचा, पेरुंगुडीहून फोन आला. ऑफिसच्या गोंगाटात उभी राहून बोलते. "अप्पा, सत्तमा पेसुंगा, ऐकू येत नाही." जोरात बोला म्हणे. हळू बोलतो असं आजवर मला कुणी म्हटलेलं नाही. तिचे ते कानात घालायचे फोन स्वस्तातले आहेत.


२० सप्टेंबर, शनिवार

तीन चित्रं झाली, कशीबशी. गाठ येत नाही तोवर काढायचं नाही हा नियम मी वाकवला. डाव्या हाताची गाठ बघितली आणि मनातल्या मनात उलटी केली. म्हणजे पुन्हा आरसाच, फक्त डोक्यातला. निदान यात लोखंड नाही, नुसती बोटं आहेत. बोटं उलटली तरी बोटंच.

तरी आवडलं नाही. रात्रीच्या आमटीत हिंगच नव्हता. अंबुजाला म्हटलं तर म्हणे, डब्बा उपडा करू का? हल्ली ती कशातच हिंग घालत नाही आणि घातला म्हणते.


१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

आज हत्यारांना सुट्टी. सकाळी माझी पेनं, पट्टी, शाईच्या बाटल्या आणि डॉक्टरांचा नीडल होल्डर, सगळं देवापुढे मांडलं, चंदन-कुंकू लावलं. नीडल होल्डरच्या कुलपात चंदन गेलं, ते उद्या काडीनं काढायला हवं. उद्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा मला रिकामं बसावं लागतं, ते मला कधीच आवडलं नाही.

डॉक्टर आमचा नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू बघायला आल्या. अंबुजानं यंदा पायऱ्यांवर सगळ्या बाहुल्या मांडल्या आहेत, तंजावरच्या मान हलवणाऱ्या राजा-राणीसकट. हरभऱ्याचं सुंडल दिलं, कापी म्हणजे कॉफी दिली. दोघींचं चांगलं जमलं.

"काकू, ‘करूलालात’ म्हणजे ‘करताय’ ना?"

"हो. तुम्ही कसं म्हणता ते आम्हाला टीव्हीवर कळतं, तोंडात येत नाही."

"आमच्या आजीला फार आवडलं असतं तुमचं बोलणं."

"यांना आवडत नाही. हे पुस्तकातलं बोलतात," अंबुजा म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

चित्रांना हात लावणं म्हणजे काम नाही, असं ठरवून मी झालेली सगळी चित्रं क्रमानं जमिनीवर मांडली. ऑगस्टमधलं पहिलं भिंतीपाशी, परवाचं दाराशी. डॉक्टर उभ्या राहून बघत होत्या. वाटलं होतं, काहीतरी म्हणतील. त्या खाली बसल्या आणि पहिल्या चित्रातल्या तळव्यावर स्वतःचा तळवा टेकवला. मग शेवटच्या चित्रावर.

"हे हात आकारानं लहान झालेत, काका."

मीही बघितलं. खरंच. पहिल्या चित्रातला हात पुरुषाचा, दाराशी असलेला एखाद्या शाळकरी मुलाचा. मधले हळूहळू आक्रसत गेलेले. मी कागद एकाच मापाचे कापतो. उजेड बदलला असणार, खिडकीसमोरच्या इमारतीला हिरवं कापड बांधलंय तेव्हापासून मी पानाला जास्त जवळ बसतो. जवळून काढलं की लहान येतं. हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी विचित्र गोष्टी विचारल्या. झोपेत हातपाय झाडता का? (अंबुजाला विचारलं. अंबुजानं परस्पर ‘हो’ सांगितलं, मागे एकदा दिवाच पाडला म्हणून.) कापीचा वास येतो का? मी म्हटलं, चांगली असेल तर येतो. गॅलरीपर्यंत चालून दाखवा, म्हणाल्या. पाहुण्यांच्या डोक्यात काय येईल. चालून दाखवलं.

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसलो होतो, हात मांडीवर. अंबुजा कोलूसमोरची समई मोठी करता करता माझ्या मांडीकडे बघत राहिली. धोतराला काही सांडलंय का म्हणून मीही बघितलं. काही नव्हतं. उजव्या हाताची बोटं जरा चाळवत होती, दिवसभर काम नसलं की ती अशीच अस्वस्थ होतात.


५ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरांनी बोलावलं. वाटलं, उरलेल्या चित्रांसाठी. खोलीचं दार त्यांनी स्वतः उठून लावलं.

म्हणाल्या, "मी या विषयातली डॉक्टर नाही. चुकत असेन तर मला फार बरं वाटेल. पण मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मी नाव लिहून देते."

कशासाठी, मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. खांदा, वास, चालताना उजवा हात झुलत नाही ते, आवाज, चित्रांचा आकार. सगळं एकाखाली एक ठेवलं, आधी यादी करून ठेवल्यासारखं. "तुमचा डावा हात पहिल्या वर्षाच्या पोरांना मागे टाकतो," त्या म्हणाल्या, "आणि उजवा नाही. तुम्ही रिळं बदलून मागितलीत, मला त्याच दिवशी कळायला हवं होतं."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला हातांची चित्रं हवी होती. ती मी देतोय. माझे हात बघायला मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"नाही सांगितलंत."

"मग?"

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी उचलली नाही. त्यांनी ती चित्रांच्या पाकिटात घातली. रागानं मी पाकीट घेऊन निघालो, म्हणजे चिठ्ठी आलीच.

बसमध्ये उभ्यानं आलो. एका हातानं दांडी धरून, उजव्या हातानं. घट्ट धरली होती.


२६ ऑक्टोबर, रविवार

काही लिहिलं नाही. दिवाळी होऊन गेली. दिव्यश्री येऊन गेली.

गाठ मारत होतो. रोज. सकाळी, दुपारी. गाठ येत नाही. मधलं बोट धाग्याखाली जाऊन थांबतं, जसं कुणी हाक मारली म्हणून थांबावं. मी त्याला सांगतो, ये बाहेर. येतं, पण उशिरा, आणि धागा तोवर पडलेला असतो.

डॉक्टरांचा निरोप: फोटोवाला सापडलाय, पण त्यांनी त्याला अजून बोलावलेलं नाही. घाई नाही.

घाई कशी नाही? महिना राहिला. फोटो आले तर ‘चित्रे’ हा शब्दच जाईल, किंवा ‘काही चित्रे’ होईल. त्यापेक्षा नाव नको.

राग कोणाचा येतोय ते नक्की कळत नाही. त्या चुकल्या असत्या तर मी त्यांच्यावर एवढा चिडलो नसतो, हे काल अंघोळ करताना लक्षात आलं.


६ नोव्हेंबर, गुरुवार

अंबुजाला सांगितलं, दिव्यश्रीकडे जातो. गेलो मेंदूच्या डॉक्टरांकडे.

तरुण माणूस, तमिळ, शांत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितलं, जेवढं मोठं उघडता येईल तेवढं, जेवढं वेगानं होईल तेवढं. डावा हात आधी केला. चांगला केला. मग उजवा. सुरुवातीला बरा होता, मग बोटं जवळजवळ येत गेली आणि शेवटी नुसतीच टेकून राहिली. मी म्हटलं, पुन्हा करतो. त्यांनी करू दिलं. पुन्हाही तसंच झालं. मग त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून ते हळूहळू फिरवलं, आणि मला स्वतःलाच कळलं, खडबडीत दातांच्या चाकासारखं अडकत अडकत फिरतंय. असं अडकणारं चाक मी कारखान्यात असतो तर बाजूला काढून ठेवलं असतं.

पार्किन्सन्स. त्यांनी शब्द सांगितला. पुढे बरंच सांगितलं. औषधानं फरक पडतो, चालत राहा, काम सोडू नका, पत्नीला बरोबर आणा.

मी विचारलं, काढता येईल का?

ते म्हणाले, औषध लागू पडलं तर बराच काळ. किती ते मी सांगू शकत नाही.

गाठ मारता येईल का?

त्यांना प्रश्न कळला नाही. मी समजावला नाही.

घरी येताना अंबुजासाठी काहीतरी घ्यावं म्हणून चकलीसारखं मुरुक्कू घेतलं, दिव्यश्रीनं दिलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, दिव्यश्रीच्या ऑफिसशेजारी आपल्या अड्यारच्या दुकानाची पिशवी मिळते वाटतं. आणि आत गेली.


१५ नोव्हेंबर, शनिवार

गोळ्यांनी सकाळी रेषा येते. मोठी येते, पहिल्यासारखी. दुपारनंतर नाही. सकाळी पूजा आटपून लगेच बसलो तर दोन-तीन तास माझे.

इंगवले डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी "अरेरे" वगैरे म्हटलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. एवढंच विचारलं, काकूंना सांगितलंत? मी चित्रांवर आलो.

"रेषा येते. गाठ येत नाही. ज्या हाताला गाठ येत नाही, त्यावरून मी काढू शकत नाही."

"माझा उजवा हात घ्या. मी येते."

पण त्यांना आठवडाभर शस्त्रक्रिया आहेत, रविवारी बाहेरगावी परिषद. व्हिडिओ पाठवते म्हणाल्या. व्हिडिओ म्हणजे हलणारा फोटो. मी म्हटलं, बघतो.

मग त्यांनी एक सांगितलं, ते लिहून ठेवतो. "काका, तुमचं बोट कुठे थांबतं, अगदी नेमकं?" मी सांगितलं, धाग्याखाली गेल्यावर, बाहेर यायच्या आधी. "डावखुऱ्या पोरांचंही तिथेच थांबतं. त्यांच्या उजव्या हाताला कधी काम नसतं. मी शिकवताना तिथून उडी मारून पुढे जाते, कारण मला आता आठवतच नाही. तिथे एक जास्तीचं चित्र द्या. द्याल?"

मी म्हटलं, एक नाही, तीन लागतील. बोट खाली गेलेलं, नखावर धागा आलेला, आणि दोन्हींच्या मधलं.

मधलंच अवघड आहे. ते बघायला थांबलेलं बोट हवं, पण जे पुढे जाऊ शकतं असं.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवार म्हणून अंबुजा सकाळी फुलं बांधत बसली होती. मांडीत मल्ली आणि कनकांबरम, म्हणजे मोगरा आणि अबोली, डाव्या हाताच्या बोटांवर फुलांची जोडी, आणि उजव्या हातानं दोरा वळसा घेऊन सटकन आवळलेला. आमच्या लग्नापासून ती हे करते आणि मी पेपर वाचतो. आज मी पेपर खाली ठेवला.

"अंबुजा, ते झालं की जरा इकडे बस."

"कशाला? केळी संपली?"

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, टेबलाच्या मुठीला धागा अडकवला, डाव्या हातात नीडल होल्डर दिला. आधी कुलूप लावायला-सोडायला शिकवलं. तिला ते आवडलं, उगाच टकटक करत राहिली. मग उजव्या हाताची गाठ. तळवा वर. धागा तीन बोटांवर. दुसरा धागा त्यावर आडवा. मधलं बोट वाकव, खाली घाल, आता नखाच्या पाठीवर घे.

तिनं घेतलं. आणि फुलांसारखी सटकन एकाच बाजूला ओढली.

"असं नाही. हात ओलांडायचे. एक इकडे, एक तिकडे."

"असं ओढलं तर फुलं तुटतील."

"इथे फुलं नाहीत."

"मग काय आहे?"

"माणूस."

ती थांबली. मग तिनं हात ओलांडले आणि सावकाश आवळलं. गाठ सपाट बसली. मी भिंग लावून बघितली. सपाट होती. डॉक्टरांना मागितलं तर जे येत नव्हतं, ते सावकाश, ते अंबुजाला आलं, कारण तिला घाईनं येतच नव्हतं. चार-पाच वेळा चुकली, एकदा धागा कंकणात अडकला, एकदा म्हणाली, "हे शिकायला लोक एवढी वर्षं घालवतात, आणि आम्हाला कुणी डॉक्टर म्हणूलालं नाही."

आधी बोट खाली गेलेलं काढलं. मग नखावर धागा आलेलं. मग मधलं.

"इथेच थांब. अगदी इथे. हलू नको."

ती थांबली. मी काढायला लागलो. मनगटाकडून सुरुवात केली, मग अंगठ्याचा उंचवटा, मग तर्जनी. मोठा हात येत होता, तिच्या हाताएवढा. मधल्या बोटापाशी आलो तोवर उशीर झाला असावा, सकाळची गोळी उतरत आली होती. मी पेन उचललं, डावा हात मनगटावर दाबून धरला, पुन्हा टेकवलं.

"मला हलू नको म्हणता," अंबुजा म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बोटाकडे बघत होती. "हलूलालात तुम्ही."

हवा, खुर्ची, उजेड, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हटलं, हो.

मीच पुढे म्हटलं, "दिव्यश्रीकडे गेलो नव्हतो."

"माहीत आहे."

"डॉक्टरकडे गेलो होतो. मेंदूच्या."

"काय म्हणाले?"

मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा म्हणून बघितलं. नीट आलं नाही, मधलं अक्षर गळलं, शेवट तमिळ झाला. मी दुरुस्त केलं नाही.

"त्यानं माणूस जातो?"

"नाही. हळू होतो."

"हळू," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी येईन. तुम्ही निम्मं ऐकून येता आणि उरलेलं स्वतः ठरवता."

मी म्हटलं, बरं.

"मग काढा आता. हात अवघडला माझा."

एवढं सगळं बोलून झालं होतं, तरी तिचं मधलं बोट धाग्याखाली जिथे ठेवायला सांगितलं तिथेच होतं, आणि धागा पडला नव्हता. मी पेन टेकवलं.